कडा दाबताना

फोन आला तेव्हा तिच्या चिमट्यात मेणाची एक दाढ होती. कुणा अनोळखी माणसाची, खालच्या जबड्यातली. दातांच्या लॅबमधल्या लांब टेबलाशी, भिंगाच्या दिव्याखाली बसून ती त्या दाढेच्या खोबणी कोरत होती. फोन तिने स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला होता, कारण पलीकडची बाई हळू बोलायला कधी शिकलीच नव्हती. वर्ष संपत आलं, शाळा-कचेऱ्यांना सुट्ट्या लागायची वेळ झाली, की हा फोन यायचाच. अंजिरं चांगली बघून आण, मागच्या खेपेची लाकडासारखी होती. लोणी मी आणून ठेवलंय. शनिवारी सकाळीच ये, दुपारचं मला ओव्हनपुढे उभं राहवत नाही. ती हो आई, बरं आई म्हणत कोरत राहिली. मग फोन ठेवता ठेवता पलीकडचा आवाज कधी नव्हे तो जरा उतरला. "आणि हो, येताना बेल वाजव." एवढंच. फोन बंद झाला. तिने खाली पाहिलं तर कोरणीचं टोक दाढेच्या कडेतून आरपार गेलं होतं.

दाढ तिने बाजूला ठेवली आणि नवं मेण तापायला लावलं. बेल वाजव. त्यात वाईट काय होतं? जगात सगळेच लोक दुसऱ्याच्या दारात उभे राहून बेल वाजवतात. पण त्या घराची किल्ली तिच्या जुडग्यात होती. लग्न झालं तेव्हा मिळालेली. लग्न मोडलं तेव्हा तिने ती जुडग्यातून काढून सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली होती, आणि सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता ती एका बोटाने परत तिच्याकडे सरकवली होती. त्या वेळी सगळेच फार समजूतदारपणे वागत होते. भांडण असं झालंच नव्हतं. भांडायला माणसाबद्दल जेवढा रस लागतो तेवढाही दोघांत उरला नव्हता. नवऱ्याने पुस्तकं घेतली, तिने भांडी घेतली, पलंग कुणालाच नको होता म्हणून विकून टाकला. वाटणी झाली आणि मग लक्षात आलं की वाटणीत आई घालायची राहून गेली आहे. आई त्याची होती, हे तर उघडच होतं. पण ती निघाली तेव्हा रडल्या त्या एकट्याच, आणि त्याही मुलाच्या नाही, तिच्या खांद्यावर.

तिची थोरली बहीण दरवर्षी विचारायची, ती बाई आता तुझी कोण लागते गं? बहिणीला उत्तर नको असायचं, टोचायचं असायचं. पण प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या भाषेत नवऱ्याच्या मावशीला शब्द आहे, नवऱ्याच्या आजीला आहे, मुलीच्या सासूला आहे, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा आहे. ज्या बाईचा मुलगा आता आपला कुणी नाही, तिला शब्द नाही. ती आई म्हणत राहिली, कारण म्हणायला दुसरं काही नव्हतंच. दर सुट्टीत ती तिथे जायची, दोघी मिळून भरलेली बिस्किटं करायच्या, डबे भरायच्या, आणि ती आपला डबा घेऊन परत यायची. पूर्वीचा नवरा त्या दिवशी मुद्दाम कुठेतरी बाहेर असायचा. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. तेही तिला आईंकडूनच कळलं, बिस्किटांच्या कडा दाबता दाबता. त्यानंतर आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो बायकोला घेऊन आईकडे राहायला आला. हेही तिला माहीत होतं. तरीही मनात त्या घराचं चित्र जुनंच राहिलं होतं: टेबलाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आपण, आणि बाकीच्या खोल्या रिकाम्या.

शनिवारी तिने बेल वाजवली. आतली बेल बाहेर कशी ऐकू येते हे तिला माहीतच नव्हतं. ती कर्कश होती, जुन्या टेलिफोनसारखी. दार उघडलं ते नवीने. मनातल्या मनात ती तिला नवीच म्हणायची, कारण बहीण म्हणाली होती, नव्याचे नऊ दिवस, बघशील. नवी उंच होती. कपाळावर आलेले केस मनगटाने मागे सारायची तिला सवय होती. एका चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, आणि म्हणूनच की काय, समोरच्याकडे जरा जास्तच सरळ बघायची. या ना, ती म्हणाली. आई आत आहेत. म्हणजे हिच्यासाठीही आईच. ते स्वाभाविकच होतं. पण चपला काढताना तिला उगाचच वाटलं, की एकच कोट दोघींनी पाळीपाळीने घातल्यासारखं झालं आहे, आणि आता बाह्यांना कुणाच्या घामाचा वास येतो ते सांगता येणार नाही.

स्वयंपाकघर तेच होतं. खिडकीखालचा ओटा, त्याचा फुटलेला कोपरा, ओव्हनचं घट्ट बसणारं दार. पण चहाचे डबे दुसऱ्या फळीवर गेले होते, टेबलाशी तिसरी खुर्ची आली होती, आणि तिचा हात सवयीने जिथे चाळणीकडे गेला तिथे आता कुणाचं तरी व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं खोकं होतं. नवीने चाळणी तिच्या हातात दिली. आई खुर्चीत बसून होत्या, पाय स्टुलावर, आणि तिथूनच राज्य करत होत्या. अंजिरं त्यांनी दाबून पाहिली, हं केलं. खजूर, बेदाणे, संत्र्याची साल, थोडं पाणी, मंद आच. सारण ढवळायचं तिच्याकडे आलं, लोण्यात मैदा चोळायचा नवीकडे. ती नवीला काय म्हणावं ते न ठरल्यामुळे वाक्यंच अशी रचत होती की त्यात माणूस यायला नको. ते पातेलं जरा इकडे मिळेल का. दूध संपलं वाटतं. तुम्ही म्हटलं तर परकं, तू म्हटलं तर सलगी. तिच्या आणि नवीच्या नात्याला मात्र भाषेत शब्द होता, चांगला जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला. पण सवत म्हणून कुणाला हाक थोडीच मारता येते. सारणाला बुडबुडे येऊ लागले होते, जाड, आळशी, एकेक करून फुटणारे. तो वास आला आणि तिला जरा बरं वाटलं. वासाला तरी नातं विचारावं लागत नाही.

सारण गार झाल्याशिवाय भरायचं नसतं, नाहीतर चकतीतलं लोणी आधीच सुटतं. तोवर पीठ लाटायचं, पातळ पण फाटेल इतकं नाही, पेल्याच्या कडेने चकत्या पाडायच्या. एका चकतीवर सारणाचा गोळा, कडेला ओलं बोट फिरवायचं, वर दुसरी चकती, मग काट्याने सगळीकडून दाबत जायचं आणि शेवटी मधोमध एक टोचा द्यायचा, वाफ जायला. हे ती डोळे मिटून करू शकली असती. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांच्या कडा जुळवायच्या हाच तिचा धंदा होता, आणि कड जुळली नाही तर काय होतं हे तिच्या बोटांना पाठ होतं. नवीने जीव तोडून केलं, पण सारण जास्त भरलं, चकत्या ताणून बसवल्या. पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा एका बाजूची बिस्किटं शहाण्यासारखी बसलेली होती, आणि दुसऱ्या बाजूच्या सगळ्यांमधून काळं, चिकट सारण बाहेर येऊन ट्रेला करपलं होतं. आईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ही सगळी तोंड उघडं टाकून बसलीयेत," त्या म्हणाल्या. "तिच्या कडा बघ. जरा बघून शीक."

तिला छान वाटलं. लपवण्यात अर्थ नव्हता. पोटात काहीतरी ऊबदार पसरत गेलं, ओव्हनचं दार उघडल्यावर चेहऱ्यावर येतं तसं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, पण कानामागून आलेल्यांना तिखट होऊ न देणारी सासूही असते तर. ती मान खाली घालून पुढच्या चकतीवर पाणी फिरवत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच निगुतीने. नवी म्हणाली, हात धुऊन येते. ओट्याशी नळ असताना ती बाथरूममध्ये गेली. दार लागलं आणि आत नळ सुटल्याचा आवाज आला, मोठ्या धारेचा, आणि तो बंद होईना.

तो आवाज तिला माहीत होता. बाहेरून तिने तो कधीच ऐकला नव्हता, पण आतून माहीत होता. ह्याच बाथरूममध्ये, त्याच नळाच्या धारेखाली, लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत ती रडली होती. तेव्हा तिच्या बिस्किटांच्या कडा फुटल्या होत्या आणि आईंनी अख्खा ट्रे बाजूला सारून म्हटलं होतं, ही पाहुण्यांपुढे ठेवायची नाहीत, घरच्यांनी खाऊन संपवायची. त्या वर्षी मोठ्या जाऊबाईंचं नाव निघत होतं. परगावी राहणारी मोठी सून कशी लाटायची, कशी दाबायची, तिचं बिस्कीट कसं फुलासारखं यायचं. तिने नळ सोडला होता आणि आरशात न बघता रडली होती, आणि बाहेर आल्यावर कुणी काही विचारलं नव्हतं. नवऱ्याने फुटलेली बिस्किटं मुकाट्याने खाल्ली होती. त्या आठवणीने आता तिला आश्चर्य वाटलं ते रडण्याचं नाही, तर ते इतकी वर्षं आठवलंच नव्हतं ह्याचं. दरवर्षी ती ह्या टेबलाशी उभी राहत होती आणि तिला वाटत होतं, इथे आपलं नेहमी चांगलंच झालं.

ती म्हणाली, "आई, पहिल्या वर्षी माझीही अशीच फुटली होती. तुम्ही ट्रे बाजूला ठेवला होतात."

"मी? काहीतरीच. तुझी कधीच फुटली नाहीत," आई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तुझा हात पहिल्यापासून असाच, त्या म्हणाल्या, मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं. आईंच्या मनात कुणीतरी एक सून होती, जी आल्या दिवसापासून हुशार होती, जिचा हात कधी चुकला नव्हता. आणि ती बाई आपण नव्हतो. मेल्या म्हशीला मणभर दूध. आपण घर सोडून गेलो तेव्हापासून आपलं दूध वाढत चाललंय. तिला हसू आलं, एकटीलाच, हातातल्या काट्यासकट. मोठ्या जाऊबाई तरी खरंच फुलासारखी बिस्किटं करायच्या का, कोण जाणे. कदाचित त्यांनीही नळ सोडला असेल. हसू ओसरल्यावर मात्र काहीतरी टोचत राहिलं. आईंचं प्रेम खोटं नव्हतं. पण ते ती गेल्यानंतर आलेलं होतं, आणि तिने ते मागच्या तारखेपासून स्वतःच्या नावावर चढवून घेतलं होतं.

नवी परत आली. डोळे लाल नव्हते. डोळ्यांचंच काम करणारी, तिने पाणी मारलं असणार. आई तोवर पेंगायला लागल्या होत्या. औषधाने त्यांना सकाळीच झोप येते, नवी हळू आवाजात म्हणाली. दोघींनी खुर्च्या न सरकवता काम सुरू केलं. ट्रे बदलायची वेळ झाली, नवीने ओव्हनचं घट्ट दार जोर लावून ओढलं आणि कापड न घेताच हात आत घातला. "थांब, हात काढ," ती म्हणाली आणि मनगट धरून तिला मागे ओढलंच. तू म्हणून झालं होतं. दोघींच्याही ते लक्षात आलं. मग ती तिला दाखवत गेली. सारण एवढंच घे, लोभ करायचा नाही. वरची चकती ओढून बसवायची नाही, ती आपोआप बसली पाहिजे. आत हवा राहिली की तीच आतून ढकलते, म्हणून मधून कडेकडे बोट फिरवत यायचं आणि मगच दाबायचं. नवीची लांब बोटं शिकत होती. ती मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून कड बघायची, दुकानात काचेची बघत असेल तशी. तिची पहिली धड बिस्किटं ट्रेवर ओळीत बसली.

बऱ्याच वेळाने नवी म्हणाली, "बेलचं मी सांगितलं होतं. आईंनी नाही."

तिने काटा खाली ठेवला नाही. नवीने सांगितलं ते असं. मागे एकदा, आई फिजिओथेरपीला गेल्या होत्या, नवी रजा घेऊन घरी होती, नुकती न्हाऊन केसांना टॉवेल गुंडाळून पॅसेजमध्ये उभी होती, तेव्हा दारात किल्ली फिरली. तिला वाटलं नवरा आला. पण आत आली ती ही. हातात संत्र्यांची पिशवी. दिवा न लावता सरळ स्वयंपाकघरात गेली, पिशवी ठेवली, नळ थोडा टिपटिपत होता तो घट्ट केला, आणि दार ओढून निघून गेली. अंधारातसुद्धा कुठे धक्का लागला नाही तिला. नवी भिंतीला टेकून श्वास धरून उभी होती. "तुम्ही मला पाहिलंच नाहीत," नवी म्हणाली. "राग नव्हता आला. पण मला वाटलं, हे घर तुमचंच आहे, आणि मीच इथे चोरून राहतेय."

तिला तो दिवस आठवत होता. संत्री आठवत होती, टिपटिपणारा नळ आठवत होता. घर रिकामं आहे ह्याचा केवढा आनंद झाला होता तो आठवत होता. कुणाशी बोलावं लागलं नाही, आणि थोडा वेळ सगळं पहिल्यासारखं होतं. त्या रिकाम्या घरात, हाताच्या अंतरावर, एक ओलं माणूस श्वास धरून उभं होतं. आपण कुणाला तरी इतकं घाबरवू शकतो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. स्वतःबद्दल तिची समजूत होती की आपण ह्या घरात पाहुणी, उरलीसुरली, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. माफ कर म्हणावं तर फार मोठं झालं असतं. शेवटी ती म्हणाली, तेव्हाच ओरडायचं होतंस. नवी म्हणाली, ओरडून काय म्हणणार होते, तुम्हाला हाक कशी मारायची तेच ठरलेलं नाही. आणि मग दोघींना एकदमच तो जुना शब्द आठवला असावा, कारण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आई जागी होऊ नये म्हणून मैद्याच्या हातांनी तोंडं दाबली. हसू आवरेपर्यंत एका चकतीत दोनदा सारण भरलं गेलं.

दुपार कलायच्या आत दारात किल्ली वाजली आणि तो आला. बहुतेक ती गेली असेल असं धरून आला होता. स्वयंपाकघराच्या दारात तो थबकला: झोपलेली आई, टेबलाच्या दोन बाजूंना दोन बायका, दोघींच्या हातात काटे. केस विरळ झाले होते त्याचे. तिला वाटलं होतं, कधी असा समोर आला तर आत काहीतरी हलेल. हललं नाही, नुसतं ओळखीचं वाटलं, पूर्वी राहिलेल्या गल्लीतून जाताना वाटतं तसं. बरी आहेस ना, त्याने विचारलं. बरी आहे, ती म्हणाली. मग हातांचं काय करावं ते न कळून त्याने जाळीवरचं आत्ताच काढलेलं बिस्कीट उचललं आणि तोंडाकडे नेलं.

"फुंकून खा," दोघी म्हणाल्या. एकाच वेळी, एकाच सुरात.

तो गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. सारण वरून गार दिसतं आणि आत पेटलेलं असतं. दर वर्षी त्याची जीभ भाजायची, दर वर्षी तो विसरायचा. आई केव्हा जाग्या झाल्या होत्या कुणाला कळलं नाही. त्या खुर्चीत हलत होत्या, आवाज न करता, पोट धरून. एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना तिने पाहिलं नव्हतं. मग त्यांनी त्याच्याकडे हात पसरून एक बिस्कीट मागितलं, उलटसुलट करून कड पाहिली आणि विचारलं, हे कुणाचं? खरं म्हणजे ते कुणाचं हे आता दोघींनाही ओळखता येत नव्हतं. आईंनी थोडी वाट पाहिली आणि खाऊन टाकलं.

डबे भरून झाले. निघताना आईंनी नेहमीप्रमाणे तिच्या गालावर हात फिरवला आणि जपून जा म्हणाल्या. तिने वाकून त्यांचं स्टूल नीट सरकवून दिलं. कचऱ्याची पिशवी टाकायची म्हणून नवीही तिच्याबरोबर खाली आली. जिन्यात दोघी मागेपुढे उतरल्या. रस्त्यावर गार वारा होता. सुट्टीची गर्दी हातात पुडकी घेऊन चालली होती, एका दुकानासमोर कुणीतरी शिडीवर चढून दिव्यांची माळ बांधत होतं. नवीने पिशवी टाकली, हात झटकले, आणि तरी परत फिरली नाही. कोपऱ्यापर्यंत चालत आली.

पुढच्या वर्षी, नवी म्हणाली, आणि थांबली. आजवर पुढच्या वर्षीचं आई बोलायच्या. क्षणभर तिला लागलं ते तेवढंच. आता बोलावणं ह्या तोंडून येणार. बोलावणं येणार, हेही त्यातच होतं. ती उभी राहिली आणि ऐकायची तयारी केली.

"पुढच्या वर्षी तुमच्याकडे करायची का?" नवी म्हणाली. "आईंना मी गाडीने घेऊन येईन. त्या किती दिवस म्हणतायत, हिचं घर एकदा बघायचंय मला. तुम्ही कधी बोलावलं नाहीत, म्हणून विचारत नाहीत."

तिच्या घरी ओव्हन होता. त्यात ती तवे आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवायची. तो पेटतो की नाही हेही तिने कधी पाहिलं नव्हतं. त्या घरी बहिणीशिवाय कुणी आलेलं नव्हतं. तिला ते कधी खटकलं नव्हतं. तिला कुठेतरी जायचं असायचं, तिच्याकडे कुणी यायचं असेल हे मनातच आलं नव्हतं. ती सांगायला गेली की जागा लहान आहे, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"माझ्याकडे खुर्च्या दोनच आहेत."

"एक आम्ही घेऊन येऊ," नवी म्हणाली, आणि केस मनगटाने मागे सारून परत फिरली.

ती डबा छातीशी धरून चालत राहिली. डबा अजून गरम होता, कोटातून ऊब लागत होती. खुर्ची मावेल का, ती विचार करत होती. टेबल एका अंगाने भिंतीला चिकटवलेलं आहे, घर लावलं तेव्हापासून. ते ओढून बाहेर घ्यायला हवं. आईंना खिडकीकडची बाजू द्यायची, पाय लांब करायला तिथेच जागा आहे, आणि ओव्हनही तिथून दिसेल.